रिबिनीची घडी

संगणक ट्रंकेएवढा जाडा होता, त्या काळची गोष्ट. वत्सलावहिनींनी संगणकाच्या पडद्यावर जुळवलेल्या बारशाच्या फोटोंच्या पानावर एक लाल रिबीन दुमडून बसवली आणि घडीखाली सावली घातली.

रिबीन फणकारली, "ए काळतोंडे, सरक. माझा रंग मळतोय."

"सरकते हो, राणीसरकार," म्हणत सावली पानाबाहेर जाऊन बसली. झालं, घडी गेली आणि रिबीन चिकटपट्टीसारखी सपाट दिसू लागली.

"ही नकोच," म्हणत वहिनींनी ती पुसायला घेतली.

रिबिनीची बोबडी वळली. "सावलीताई, ये गं लवकर."

"आणि मळलीस तर?"

"मळू दे. तू आधी घडीत शिर."

सावली शिरली. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि दुमडलेली रिबीन सरळ करायला पडद्यावर नखाने खरवडू लागल्या.