घरात विरजण असताना

एका नगरात एकदा एक गृहस्थ राहायला आले. नाव नीळकंठराव. पत्नी नुकतीच निवर्तली होती, मुलगा परदेशी. माणूस अत्यंत सज्जन, आणि सज्जनपणाची त्यांची व्याख्या एकच: आपला कुणाला त्रास नको. पत्नीचं मात्र उलटं होतं. घरात विरजण असलं तरी ती वाटी घेऊन शेजारी मागायला जायची. हे दर वेळी म्हणायचे, "अगं, घरात असताना कशाला लोकांना त्रास?" ती नुसती हसायची.

त्या नगरात एक सार्वजनिक बाग होती. ज्याला हवा त्याला तिथे एक वाफा मिळे. झारी, खुरपं, सुतळी सगळ्यांत मिळून. नीळकंठरावांनी वाफा घेतला, तात्या नावाच्या वृद्ध जाणकारांकडे बागकामाचे धडेही घेतले. पण झारी स्वतःची आणली, खुरपंही स्वतःचं. बाकीचे घरी गेले की मग हे पाणी घालायला येत. कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत!

वर्षातून एकदा बागफेरी निघे. शहरातले लोक एकेक बाग पाहत हिंडत. त्या दिवशी तरी आपल्या वाफ्यापाशी कुणी थांबेल, दोन शब्द बोलेल, एवढ्याच आशेवर नीळकंठरावांनी घेवड्याचा मांडव वाढवला होता. सुकलेलं एक पान सापडेल तर शपथ!

बागफेरीचे लोक आले. "वा, काय सुंदर!" म्हणाले, फोटो काढले आणि पुढे गेले. शेजारच्या यमुताईंच्या वाफ्यात टोमॅटो आडवे झालेले, गवत माजलेलं, आणि झुंबड तिथेच! कुणी काठी रोवतंय, कुणी फुकटचे सल्ले देतंय, हसणं चाललंय. नीळकंठरावांना रडू यायचंच बाकी राहिलं.

"तात्या, माझं काय चुकलं हो?"

तात्यांनी पुढे होऊन मांडवाच्या कोपऱ्यातल्या बांबूची गाठ सोडली आणि कललेला बांबू शिष्याच्या हातात दिला. "नीळकंठा, धर घट्ट. सुतळी घेऊन येतो." आणि जे गेले ते गेलेच.

आता आली का पंचाईत! सोडावं, तर वर्षाची मेहनत जमिनीवर. हाक मारावी, तर कुणाला आणि कोणत्या तोंडानं? लोक येत, पाहत, जात. एकानं तर बांबूसकट यांचा फोटो काढला. हे कसनुसं हसले. हात भरून आले. शेवटी घोगऱ्या आवाजात शब्द फुटले, "यमुताई, जरा... जरा येता का?"

यमुताई मातीच्या हातांनी धावत आल्या. "अगंबाई! आधी नाही का हाक मारायची? असे किती वेळ उभे आहात?" त्यांनी बांबू धरला, कुणीतरी सुतळी फेकली, गाठ बसली. मग पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "खरं सांगू? तुमच्याशी बोलावंसं फार वाटायचं. पण म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास!"

हे तर नीळकंठरावांचेच शब्द!

तात्या परतले. सुतळी त्यांच्या खिशातच होती. म्हणाले, "अरे, तुझ्या वाफ्यात दुसऱ्याला करण्यासारखं काही तू ठेवलंच नव्हतंस. मग माणूस नमस्कार करतो आणि निघतो. त्रास दिला नाहीस हे खरं, पण जवळ यायला निमित्तही दिलं नाहीस."

संध्याकाळी घर नेहमीसारखंच रिकामं होतं. नीळकंठरावांनी दूध कोमट केलं आणि विरजणाची वाटी हातात घेतली. घ्यावं आणि लावावं, इतकं सोपं. पण ते तसेच ओट्यापाशी उभे राहिले. ती का हसायची, ते आज कळलं, आणि सांगायला ती नव्हती. डोळे भरून आले.

थोड्या वेळानं त्यांनी ती वाटी पुन्हा झाकून ठेवली. दुसरी, रिकामी वाटी घेतली आणि शेजारची कडी वाजवली.

"विरजण मिळेल का हो थोडं?"