निळी खूण आणि शेंगदाण्याचा लाडू

"पण मग कमी कुठं पडतंय, बाई? एवढंच सांगा मला."

रामहरीने पुन्हा तेच विचारलं.

चंद्रकलाबाई ओसरीवर बसून शेंगदाण्याचे लाडू वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

याच बाईंनी रामहरीचा हात धरून त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. आता त्या निवृत्त झाल्या होत्या आणि रामहरी त्यांच्याच शाळेत पाचवीला शिकवत होता. 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून तालुक्यात त्याचं नाव होतं. त्याच्या वर्गात भिंतीवर ग्रह फिरायचे, पडद्यावरची चित्रं बोलायची, उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजायच्या. मिरवावं असंच काम होतं आणि रामहरी मिरवतही होता. त्यात हात आखडता घेणारा गडी नव्हे तो!

आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी त्याने मोबाईलवर वर्गाचा गट काढला होता. रोजचा धडा व्हिडिओ करून त्यावर टाकायचा. कौतुकाने बाईंनाही त्याने त्या गटात घेतलं होतं.

"शिवकन्याच्या आईचा फोन आला होता काल," तो म्हणाला. "पोरगी म्हणते, शाळा पुरे. पुढच्या हंगामाला कोयताच धरते."

बाईंचे हात थांबले.

"शिवकन्या? ती पुढच्या रांगेतली, सारखी हात वर करणारी?"

"तीच. गाडीत बसताना रडत होती, बाई. मी तिला शब्द दिला होता... रडू नको, शाळा तुझ्यामागं फोनवर येईल." "मी एक दिवस चुकवला नाही. किती जीव ओतून करतो ते व्हिडिओ!"

"बघते की मी. सुंदर असतात."

"तीही बघते! प्रत्येक धड्याला निळी खूण आलीय. सगळं पोचलंय, सगळं पाहिलंय. मग कळत का नाही तिला? काही अडलं असतं, तर तिनं—"

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण बाईंनी एक अख्खा लाडू त्याच्या तोंडात कोंबला होता.

"खा. सकाळपासून उपाशी दिसतोस."

रामहरी चावू लागला. लाडू चांगला मोठा होता.

"तुला सांगते, या लाडवाला दाणे खमंग भाजावे लागतात," बाई म्हणाल्या. "साल काढायचं, पाखडायचं. गूळ मात्र चिकीचा नको... काय?"

रामहरीला काहीतरी म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला, तेवढ्यात दुसरा लाडू आला.

"ऐकायलास ना? मान हलव."

त्याने मान हलवली.

"शाबास! कळतंय तुला सगळं."

गूळ टाळूला चिकटला. दाण्याचा कूट घशाशी बसला. रामहरीने हाताने पाण्याची खूण केली. तांब्या बाईंच्या गुडघ्यापाशीच होता, पण त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. त्या वेलदोड्याबद्दल बोलत होत्या, मग तुपाबद्दल, मग वळताना हात कसा ओला ठेवायचा त्याबद्दल. आणि अधूनमधून मायेने विचारत होत्या, "कळलं ना?"

रामहरी मान हलवत होता. करतो काय बिचारा! डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मान हलतच होती.

शेवटी ठसका लागला, तेव्हा बाईंनी तांब्या पुढे केला आणि त्याची पाठ चोळली. लहानपणी चोळायच्या, अगदी तशीच.

"पाणी हवं होतं, तर सांगायचं नाही का रे?"

"कसं सांगणार?" रामहरी वैतागून म्हणाला. "तुम्ही तोंड मोकळं ठेवलंत का माझं?"



बाईंनी पदराला हात पुसले आणि त्याच्या मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्या हसत नव्हत्या.

रामहरीही फोनकडे पाहत राहिला...

गट त्याने बंद करून ठेवला होता. म्हणजे त्यात लिहायची, बोलायची मुभा एकट्या सरांनाच. बाकीच्यांनी फक्त पाहायचं. सुरुवातीला तसं नव्हतं. पण पालक सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रं टाकायचे, एकाने तर म्हैस विकायला काढल्याची जाहिरात टाकली होती. शिस्त लागावी म्हणून त्याने कुलूप लावलं, आणि कुलूप लावलंय हे पार विसरून गेला.



रामहरीने फोन उचलला आणि अंगठ्याने ते कुलूप काढलं. 'आता इथे सगळ्यांनी बोलायचं,' एवढंच लिहिलं.

दुपारची वेळ होती. फडावरची माणसं भाकरी खायला खोपीवर आलेली असणार.

पहिल्यांदा एक गुलाबाचं फूल आलं. मग 'शुभ दुपार'. मग हात जोडलेला देव. मग पुन्हा म्हैस, या वेळी फोटोसह.

"बघा!" रामहरी उसळला. "म्हणून बंद केला होता, बाई. हे असंच चालतं यांचं!"

"चालू दे की. म्हैस चांगली दिसतेय."

रामहरीला हसू आलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. 'शिवकन्याची आई' या नावाखाली आवाजाचा निरोप होता.

त्याने तो लावला. आधी वाऱ्याचा आवाज, मग कुठल्यातरी तान्ह्याचं रडणं, आणि मग घाईघाईने...

"सर, मी शिवकन्या बोलायले. ते पहिल्या व्हिडिओत गोल गोल कापायलेत, ते काय हाय? तुम्ही पिझ्झा म्हणलात. मी आईला इचारलं, आईलाबी म्हाईत न्हाई. ते कळंना, म्हणून अपूर्णांकाचं फुडचं काहीच कळंना. मला वाटलं, मलाच डोकं न्हाई."

निरोप संपला.

रामहरीने तो पुन्हा लावला नाही. त्याची गरजच नव्हती. जी पोरगी प्रश्न विचारल्याशिवाय बाकावर बसत नसे, ती तिकडे उसाच्या फडात स्वतःला मठ्ठ समजत बसली होती. आणि इकडे तो तिच्या निळ्या खुणा पाहून खूश होता. त्याला फार वाईट वाटलं.

त्याने डोळे पुसले, फोन तोंडाशी धरला आणि घाईने बोलायला सुरुवात केली.

"हे बघ बाळा, पिझ्झा म्हणजे काय, तर—"

बाईंनी हलकेच त्याचा अंगठा फोनवरून बाजूला केला.

पडद्यावर शिवकन्याच्या आईच्या नावापुढे पुन्हा माइकची खूण हलत होती. तिकडे पोरगी अजून बोलत होती.

बाईंनी परातीतला एक लाडू उचलला आणि रामहरीच्या तोंडाशी नेला.

"हा मात्र सावकाश खा."