ग्रंथालयाची खुर्ची

एकदा एका शाळेत एक वृद्ध ग्रंथपालबाई होत्या. केस पांढरेशुभ्र, आवाज मृदू, आणि नजर अशी तीक्ष्ण की कपाटात एखादे पुस्तक उलटे लागले असेल तर त्यांना ते दारातूनच दिसावे. त्या शाळेची एक जुनी रीत होती. ज्याला तेथे ग्रंथपाल व्हायचे त्याने आधी पदवी घेऊन यावे, मग वर्षभर जुन्या ग्रंथपालाच्या हाताखाली उमेदवारी करावी, आणि अखेरच्या दिवशी त्या ज्येष्ठाने 'पात्र' असा शब्द उच्चारला, तरच ग्रंथालयाच्या किल्ल्या त्याच्याकडे जाव्यात. तो शब्द मिळाला नाही, तर पदवी खुशाल भिंतीवर टांगून ठेवावी!

बाईंच्या हाताखाली कुमुद नावाची एक तरुणी उमेदवारीला आली. पोरगी गुणाची. पुस्तकांचे वर्गीकरण तिला तोंडपाठ होते. पावसाळा सरला की पुस्तकांना ऊन दाखवावे, कपाटात कडुलिंबाचा पाला घालावा, सुटलेली पाने खळ लावून जागच्या जागी बसवावीत, हे सारे ती न सांगता करी. कोणत्या मुलाला भुताच्या गोष्टी हव्या असतात पण घरी नेववत नाहीत, कोणती मुलगी पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचते, हेही तिला ठाऊक असे. मात्र तिला एक खोड होती. कुणी तिच्या कामाचे कौतुक केले, की ती मान खाली घालून म्हणे, "त्यात काय विशेष!"

एकदा कपाट लावताना बाईंच्या हाती एक जाडजूड पुस्तक आले. निळ्या कापडाची भक्कम बांधणी, वर चित्र नाही, ससा नाही की परी नाही. उघडून पाहतात तो आत मोठ्या अक्षरांची, लहान मुलांची चार पातळ पुस्तके एकत्र शिवलेली!

"हे कुणी बांधलं गं?" बाईंनी विचारले.

"मीच, बाई. वरच्या वर्गातली काही मुलं अजून अडखळत वाचतात. पहिलीचं पातळ पुस्तक हातात धरायला त्यांना लाज वाटते. जाड दिसलं तर ऐटीत नेतील, म्हणून शिवलं. कापड उरलंच होतं. त्यात काय विशेष!"

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या पुस्तक जागेवर ठेवून निघून गेल्या. कुमुदला वाटले, न विचारता कापड वापरले म्हणून बाई रागावल्या.

वर्ष संपले आणि अखेरचा दिवस उजाडला. त्या दिवशी शाळेच्या समितीचे प्रमुख ग्रंथालयात आले. ते गावातले मोठे कापडाचे व्यापारी. अर्धी कपाटे त्यांच्याच देणगीची होती. माणूस मनाने वाईट नव्हता, पण ज्या वस्तूचा भाव करता येत नाही तिला किंमतच नसते, अशी त्यांची पक्की समजूत.

"बाई," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले, "आज तुम्ही निवृत्त होणार. मी म्हणतो, ही जागा पुन्हा भरायचीच कशाला? कपाटातनं काढायचं आणि पोरांच्या हातात द्यायचं, एवढंच ना? आपला शिपाई करील की! त्याला पदवी कशाला आणि उमेदवारी कशाला!" मग कुमुदकडे वळून हसत म्हणाले, "काय पोरी, खोटं बोलतोय का मी?"

वर्षभराची मेहनत कुमुदच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सांगण्यासारखे किती होते! पण जिभेला वळण लागलेले. मान खाली गेली आणि तोंडून निघाले, "नाही शेठ... तसं त्यात विशेष काही नाही."

बाईंनी कमरेच्या किल्ल्या काढल्या. कुमुदने नकळत हात पुढे केला. पण बाईंनी त्या किल्ल्या ठेवल्या, त्या शेठच्या तळहातावर!

"घ्या शेठ. आजची मधली सुट्टी तुम्ही सांभाळा. सुट्टी संपल्यावर तुम्ही म्हणालात की काम सोपं आहे, तर ही जागा नको, असं मीच लिहून देईन." मग त्या कुमुदकडे वळल्या. "आणि तू त्या बाकावर बस. तुला उठायला कुणी सांगणार नाही."

कुमुद बसली. डोळे भरून आले होते. वर्षभर राबावे आपण, आणि किल्ल्या जाव्यात कापडवाल्याला, हा कुठला न्याय! परंतु बाईंना उलट विचारायची तिची छाती झाली नाही.

घंटा झाली आणि मुलांचा लोंढा आत शिरला.

"ज्यात कुत्रा शेवटी घरी परत येतो ना, ते पुस्तक द्या," एकजण म्हणाला.

"नाव काय त्याचं?" शेठ म्हणाले.

"नाव कुठं आठवतंय! पिवळं आहे."

शेठनी सगळी पिवळी पुस्तके उपसली. त्या पुस्तकाला महिन्यापूर्वीच हिरवे वेष्टण चढले होते, हे त्यांना कोण सांगणार? दुसरी म्हणाली, "कुठलंही द्या, पण बारीक द्या, उद्या वर्गात गोष्ट सांगायचीय." तिला त्यांनी मधमाश्या पाळण्याचे पुस्तक दिले. तेवढ्यात दोघांनी एकाच पुस्तकाची दोन टोके धरली. पाण्यात पडले की पोहता येते म्हणतात. शेठ पडले आणि गटांगळ्या खाऊ लागले. तरी घाम पुसत म्हणाले, "चालायचंच! सवयीचा प्रश्न आहे."

कुमुदचे हात शिवशिवत होते, पण ती उठली नाही. चुकीचे पुस्तक गेले तर उद्या बदलून देता येते, असे तिने मनाला समजावले.

गर्दी ओसरली, तशी तुळसा आत आली. ही सातवीतली उंचनिंच मुलगी कबड्डीच्या संघाची कप्तान होती. मैदानात तिच्यापुढे भल्याभल्यांची भंबेरी उडे, पण अक्षरे काही तिला वश होत नव्हती. मैत्रिणींना दारात थांबवून ती हळूच म्हणाली, "माझ्या धाकट्या भावासाठी... मोठ्या अक्षरांचं काही आहे का?"

तुळसाला धाकटा भाऊ नव्हता. कुमुदला हे माहीत होते.

"मोठ्या अक्षरांचं?" शेठचा आवाज खणखणीत. त्यांनी एक रंगीत पातळ पुस्तक उंच धरले. "हे घे, माकडाची गोष्ट! पण भावासाठीच ना गं? का तुलाच हवंय? एवढी ताडमाड वाढलीस आणि..." ते गमतीने हसले. त्यांच्या मनात काही नव्हते, पण दारात कुणीतरी फिसकन हसले.

तुळसाचा चेहरा लालबुंद झाला. "नको. राहू दे," म्हणून ती वळली.

ही पोर कित्येक महिने नुसती उंबऱ्यापर्यंत येऊन परतत असे. आज ती अशी गेली, तर आयुष्यात पुन्हा पुस्तकाच्या वाटेला जाणार नाही, हे कुमुदला लख्ख कळले. आपण कधी उठलो, हे मात्र तिला कळले नाही.

"शेठ, उठा."

"आँ?"

"उठा म्हणते ना! ही खुर्ची माझी आहे."

त्या स्वरात असे काही होते, की अर्ध्या कपाटांचे दाते मुकाट्याने उठून उभे राहिले. कुमुदने निळ्या बांधणीचे पुस्तक काढले आणि दारापर्यंत ऐकू जाईल असे म्हटले, "तुळसा, थांब गं. तुझ्यासाठी हे बाजूला ठेवलंय. जड आहे, नीट धर."

तुळसाने पुस्तक किंचित उघडले. आतली मोठी अक्षरे पाहिली. मग कुमुदकडे पाहिले, पुस्तक मिटले आणि छातीशी धरून ती ताठ मानेने बाहेर निघाली.

"अगं बाई! एवढं जाड वाचणार तू?" दारातली मैत्रीण म्हणाली.

"मग!" तुळसा म्हणाली.

आता कुमुद भानावर आली आणि तिचा चेहरा उतरला. समितीच्या प्रमुखांना खुर्चीवरून उठवले! "चुकलं माझं, बाई," ती पुटपुटली.

"चुकलं?" बाई हसल्या. "अगं, 'ही खुर्ची माझी आहे', वर्षभर मी ह्याच वाक्याची वाट पाहत होते! काम तुला केव्हाच येत होतं. पण तूच म्हणायचीस, त्यात काय विशेष. मग ते शिपायाला देऊन टाकावं असं शेठना वाटलं, तर त्यांचं काय चुकलं? विनय आपल्यापुरता ठेवावा, पोरी. आपल्या कामाला आपणच हलकं म्हटलं, की त्याची झळ तुळसासारख्यांना लागते. किल्ल्या मी कुणालाही देऊ शकते, आज शेठना दिल्याच की! खुर्ची मात्र कुणी कुणाला देत नसतं, ती ज्याची त्यानं घ्यायची असते. म्हणून तर म्हटलं, तुला उठायला कुणी सांगणार नाही. आज तू उठलीस. पात्र आहेस तू!"

शेठ अजून दाराकडेच पाहत होते. तुळसाने पुस्तक उघडले तेव्हा आतली अक्षरे त्यांनीही पाहिली होती. त्यांनी किल्ल्या कुमुदच्या पुढ्यात ठेवल्या आणि सावकाश म्हणाले, "ते निळं कापड आमच्याच दुकानातलं. ताग्याचे उरलेले तुकडे शाळेला पाठवले होते मी. त्याचं असं काही होईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. कुणी बांधलं ते पुस्तक?"

ते जुने वाक्य कुमुदच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. तिने बाईंकडे पाहिले. मग खुर्चीवर सावरून बसली आणि मान वर करून म्हणाली,

"मी बांधलं."

चांगले काम कुणाचे, असे कुणी विचारले, तर एवढे उत्तर पुरेसे असते. पण तेवढे द्यावे.