चौथा नारळ

फार पूर्वी, राजाची खबर दवंडीवाल्याच्या तोंडून गावात यायची त्या काळी, एका गावात एक बाग होती आणि बागेच्या मधोमध एक बारव. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरणारी दगडी विहीर. कुण्या जुन्या राणीने बांधलेली. तिच्या पाण्यावर बकुळ, चाफा, कवठ जगत होते, आणि उन्हाळ्यात अख्खं गाव त्या सावलीला येऊन पडायचं.

बाग सांभाळायची एक तरुण माळीण. तिची आई याच झाडांना पाणी घालता घालता म्हातारी झाली आणि गेली. मागे ठेवलं ते एवढंच, ही झाडं आणि त्यांना पाणी घालायची सवय.

एका पावसाळ्यात बारवेच्या भिंतीला पोट सुटलं. दगड पुढे आले, सांध्यांतला चुना गळू लागला. भिंत पडली तर पाणी बुजणार, पाणी बुजलं तर बाग जाणार. हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

त्याच सुमारास दवंडी आली: गावातली जुनी बाग, जुनं बांधकाम यांच्या दुरुस्तीला राजा खजिन्यातून निधी देणार. गावात पंच तीन. थोरले, मधले आणि धाकटे. धाकटे म्हणजे तेही पणजोबा व्हायला आलेले. तिघे राजधानीला गेले आणि निधी घेऊन आले. इथवर सगळं ठीक झालं.

थोरल्या पंचांनी बारवेच्या वरच्या पायरीवर कामाचा नारळ फोडला. मांडव पडला, हलगी वाजली, फेटे बांधले गेले, पंगती उठल्या. माळिणीने तोरणाला झेंडू दिला, खोबऱ्याचा तुकडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी गवंड्यांची वाट बघत बसली. कुणी आलं नाही. निधी मांडवात आणि पंगतीत संपला होता.

मधले पंच मात्र रुसले होते. "राजधानीत तोंड वाजवलं मी, आणि नारळ फोडला यांनी?"

मग पुन्हा राजधानी, पुन्हा निधी, पुन्हा नारळ. त्यानंतर धाकटे म्हणाले, "मी काय फक्त टाळ्या वाजवायला आहे?" म्हणून तिसरा. नारळ फोडून फोडून ती वरची पायरीही तडकली. बारवेला त्या निधीतून मिळालं ते एवढंच.

माळीण एकदा थोरल्या पंचांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"आबा, भिंत आता बोट लावलं तरी हलते."

"काम सुरू झालंय ना पोरी."

"कुठं?"

"नारळ फुटला म्हणजे सुरूच की."

"तीनदा फुटला. एक दगड हलला नाही."

"तुमच्या पिढीला दमच नाही," थोरले पंच अडकित्ता चालवत म्हणाले. "आम्ही आयुष्यभर वाट बघितली."

"तेच तर दिसतंय," माळीण म्हणाली आणि निघाली. भांडायची ताकद तिच्यात उरली नव्हती. पाण्याच्या खेपा बाकी होत्या.

गावातही कुणी काही बोललं नाही. प्रत्येकाच्या तोंडात खोबरं होतं. खरं सांगायचं तर तिच्याही होतं.

मग खबर आली की राजाचा कारभारी स्वतः काम बघायला येतोय. दुसरं गाव असतं तर गवंडी शोधायला धावलं असतं. हे तिघे नारळ शोधायला धावले. चौथा नारळ कारभाऱ्यांसमोर फोडायचा, आणि तो पुन्हा थोरल्यांनी, कारण मान त्यांचा.

तिघे बागेत आले. थोरले म्हणाले, "तोरणाला फुलं लागतील. भिंतीवर माळा सोड, म्हणजे पोट दिसायचं नाही."

"फुलं देणार नाही," माळीण म्हणाली.

"उद्यापासून बागेत पाऊल ठेवायचं नाही मग."

"बाग राहिली तर ना."

तिघे निघून गेले. मग ती उठली. तोरणाचा दोर तिच्याकडेच होता. तो तिने बारवेच्या तोंडापासून बराच अलीकडे आडवा बांधला, म्हणजे पायरीजवळ कुणी जाऊ शकणार नाही. जमणारं होतं तेवढं केलं.

सकाळी कारभारी आला. गावोगाव फिरून चेहरा उतरलेला. हलगी सुरू झाली, लोक दोराशी थांबले. थोरले पंच नारळ घेऊन पुढे आले आणि खवळले.

"मुहूर्ताला दोर आडवा? सोड तो."

"तुम्हीच सोडा आबा," माळीण म्हणाली. "माझे हात दुखतात."

थोरले पंच गाठीशी वाकले. गाठ सुटेना. तेवढ्यात आतून घसघस आवाज झाला, हलगीवाल्याचा हात थबकला, आणि भिंत बारवेत कोसळली. नारळाची पायरीही तिच्यासोबत गेली. धूळ बसली तेव्हा सगळे दोराच्या अलीकडे होते. पाणी मात्र दिसत नव्हतं.

थोरले पंच नारळ हातात धरून उभे. "शुभकार्यात विघ्न आलं," ते कारभाऱ्याला म्हणाले. "मुहूर्त उद्याचा धरू या का?"

"पंच," कारभारी म्हणाला, "यंदा इतक्या गावांचं खोबरं खाल्लंय की दात गेले माझे. तो हातातला नारळ तसाच घरी घेऊन जा. तिघांनीही."

"घरी? फोडायचा कधी?"

"फोडायचा नाही. दिलाय तुम्हाला."

थोरल्यांना कळायला जरा वेळ लागला. गाव आधी हसलं. मग बारवेत बुजलेलं पाणी बघायला वळलं.

या गावच्या नावावर खजिन्यात उरलेला निधी कारभाऱ्याने माळिणीच्या हाती दिला. भिंत उभी असती तर दुरुस्तीला पुरला असता, तो दगड उपसण्यातच गेला. ज्यांनी खोबरं खाल्लं होतं त्यांनाच तिने घमेली दिली. ऐन उन्हाळ्यात एका दुपारी तळाशी ओल दिसली, मग पाणी. चाफा वाचला, कवठ वाचलं. आईची बकुळ तोवर वाळून गेली होती.

"आता तरी नारळ फोडायचा का?" कुणीतरी विचारलं.

"आणा," माळीण म्हणाली. "चटणीला होईल."

तात्पर्य: ज्याला फक्त सुरुवातीचा मान हवा, त्याच्या हाती काम देऊ नये, आणि खोबरं खाऊन गप्प बसलेल्यांनी, भिंत पडल्यावर घमेलं उचलताना कुरकुर करू नये.