तिसऱ्या हाकेनंतर

एका डोंगराच्या कुशीत एक मोठे बीळ होते आणि त्या बिळाचे दार म्हणून एक म्हातारा साळिंदर राहत असे. 'दार म्हणून' हे मी उगाच म्हणत नाही, मुलांनो. संध्याकाळ झाली की तो बिळाच्या तोंडाशी येई, पाठ बाहेर आणि तोंड आत करून बसे आणि अंगावरचे सगळे काटे फुलवी. मग कोल्ह्याचे नाकसुद्धा आत शिरू शकत नसे. आत सशांची चार घरे होती, एक घूस होती, एक खवले मांजर होते आणि सगळ्यांत वडील असे एक कासव होते. सगळे तिला कासवआजी म्हणत. पिल्ले साळिंदराला दारआजोबा म्हणत.

बिळात एकच नियम होता आणि तो पिल्लांसाठी होता. सूर्य डोंगराआड गेला की माळावरची टिटवी ओरडू लागे. तिच्या पहिल्या हाकेला खेळ थांबवायचा, दुसऱ्या हाकेला घराकडे वळायचे आणि तिसऱ्या हाकेला आत असायचे. मोठ्यांना अशी अट नव्हती. घूस रात्री केव्हाही येई, "सरका हो जरा," म्हणे आणि साळिंदर सरके.

नियमाला कारण होते. दोन वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला कोल्ह्याने बिळाच्या तोंडाशी खेळणारी दोन पिल्ले उचलून नेली होती. त्यांतले एक साळिंदराचे होते. त्याबद्दल तो कधी कोणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो येऊन दाराशी बसला, एवढेच. साळिंदर खरे तर रात्री हिंडणारा प्राणी, पण त्याने ते हिंडणे सोडले. दुपारच्या उन्हात डोळे किलकिले करत तो चार मुळ्या उकरून खाई आणि रात्र दाराला देई. तेव्हापासून बिळातले एकही पिल्लू गेले नव्हते.

एके दिवशी दुपारी सगळे मोठे प्राणी बिळाबाहेरच्या सावलीत बसले होते. खवले मांजर म्हणाले, "साळोबा, तुम्ही आहात म्हणून आम्हाला झोप लागते हो."

"लागायलाच पाहिजे," साळिंदर म्हणाला. "माझ्या दारात उशीर चालत नाही. तिसरी हाक झाली की वाघाचा बच्चा आला तरी बाहेर!"

"वाघाचा बच्चा तुमच्याकडे कशाला येतोय मरायला!" घूस म्हणाली. सगळे हसले, पण माना मात्र त्यांनी कौतुकाने डोलावल्या. साळिंदराला बरे वाटले. जरा जास्तच बरे वाटले.

त्याच संध्याकाळी टिटवीच्या तीन हाका झाल्या. साळिंदर दाराशी बसला, त्याने काटे फुलवले. बाहेर चांगलेच अंधारून आले आणि त्याच्या पाठीमागून बारीक आवाज आला.

"दारआजोबा, मी आलो."

"मी म्हणजे कोण?"

"मी सशाचा. चौथ्या घरातला."

"तिसरी हाक होऊन गेली."

"ऐकली मी. पण मला पळता येत नव्हतं, आजोबा. माझ्याकडे एक—"

"कारणं नकोत. बाकीच्यांना पळता येतं, तुलाच बरं येत नाही?"

"सरका ना थोडं. मी बारीक होऊन येतो."

साळिंदराला फक्त अर्धे पाऊल सरकायचे होते. पण आत, त्याच्या तोंडासमोर, खवले मांजर जागे होते, कासवआजी जागी होती, आणि दुपारचे त्याचे बोलणे अजून सगळ्यांच्या कानात होते. पहिल्याच संध्याकाळी ते मोडायचे? तो जागचा हलला नाही.

"मला ओळखलंत ना, आजोबा?" पिल्लाने विचारले.

"ओळखलं," साळिंदर मान वळवून हळूच म्हणाला. "ओळखलं म्हणूनच सांगतो. समोर करवंदीची जाळी आहे, तिच्यात जाऊन बस. एक रात्र बाहेर काढलीस की जन्मभर वेळेवर येशील."

एवढ्यात आतून खवले मांजराने विचारले, "कोण आहे हो, साळोबा?"

आता खरे सांगावे तर पिल्लाची आई धावत येणार. तिच्या कुशीत नुकतीच जन्मलेली पिल्ले होती आणि हा थोरला बाकीच्या पोरांच्या ढिगाऱ्यात झोपला असेल असे तिला वाटत होते. ती रडणार, सगळे मध्ये पडणार आणि दार उघडावेच लागणार.

"कोणी नाही," साळिंदर मोठ्याने म्हणाला. "कोल्हा आहे. पिल्लाचा आवाज काढतोय."

बाहेरचा आवाज एकदम थांबला. नंतर वाळलेल्या पानांवरून काहीतरी ओढत नेल्यासारखी सरसर झाली आणि तीही करवंदीच्या दिशेने दूर गेली.

बराच वेळ गेला. आतले सगळे झोपले. मग पाठीमागून ओळखीचा जाडा आवाज आला, "सरका हो जरा." घूस आली होती. साळिंदर सरकला. सरकताना त्याच्या मनात आले, किती सोपे आहे हे.

"बाहेर कोणी दिसलं का गं?" त्याने विचारले.

"कोण दिसणार? कोल्हा बसलाय करवंदीपाशी. अगदी पंजे जुळवून. कशाची वाट बघतोय कोण जाणे," असे म्हणून घूस जांभई देत आत गेली.

साळिंदराच्या अंगावरचे काटे आपोआप ताठ झाले. आजवर कधी केले नव्हते ते त्याने केले. तो वळला आणि तोंड बाहेर करून बसला. समोर अंधार होता. "बाळा," त्याने हळूच हाक मारली. उत्तर आले नाही. येणार तरी कसे? जाळीतल्या जिवाने आवाज केला असता तर कोल्ह्याला त्याची जागा कळली असती.

तो चार पावले बाहेर गेला. दार उघडे पडले. आत नऊ पिल्ले झोपली होती. तो परत आला. खवले मांजराला उठवून दाराशी बसवता आले असते. त्याच्या अंगावरही कवच होते. पण काय सांगून उठवायचे? 'कोल्हा नव्हता, पिल्लू होते, आणि मला ते माहीत होते' हे वाक्य त्याने तोंडात दोनदा जुळवले आणि दोन्ही वेळा गिळून टाकले. मुलांनो, पहिली चूक त्याने घाईत केली होती. ही दुसरी त्याने रात्रभर जागून केली.

मध्यरात्रीनंतर जाळीकडून कोल्ह्याचे केकाटणे ऐकू आले. एकदाच. मग सगळे शांत झाले. त्याचा अर्थ काय घ्यावा हे साळिंदराला कळेना. दोन वर्षांपूर्वी त्याने अशीच शांतता ऐकली होती. तेव्हा दार नव्हते म्हणून पिल्लू गेले होते. आज दार होते, आणि ते तो स्वतः होता.

उजाडले. करवंदीची जाळी हलली आणि सशाचे पिल्लू बाहेर आले. त्याचा डावा कान फाटला होता आणि ते मागच्या पायाने लंगडत होते. तोंडात त्याने काहीतरी लांब धरले होते आणि ते ओढत, थांबत, पुन्हा ओढत ते बिळापर्यंत आले. त्याने ते साळिंदराच्या पायांपाशी ठेवले. तो साळिंदराचाच एक काटा होता, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. त्याच्या टोकाला रक्त वाळले होते.

"काल ओढ्याकाठी सापडला," पिल्लू म्हणाले. "तुमचा गळाला होता. मला वाटलं, दाराला तेवढं भोक राहील आणि तिथून कोल्हा येईल. म्हणून आणत होतो. फार लांब आहे हो हा. गवतात अडकतो. म्हणून पळता आलं नाही."

"आणि रात्री?" साळिंदराने विचारले.

"जाळीत पुढे धरून बसलो होतो. त्याने पंजा घातला, माझा कान ओढला, आणि मग नाक घातलं. ते काट्यावर आलं."

तोवर आतले सगळे जागे होऊन बाहेर आले होते. सशीण धावत आली आणि पिल्लाचा कान चाटू लागली. खवले मांजर कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे देवा! म्हणजे काल साळोबांना कोल्हा वाटला तो तू होतास होय? त्यांचा तरी काय दोष! पाठ बाहेर करून बसायचं म्हटल्यावर कोणाचं तोंड दिसणार?"

"खरंच," घूस म्हणाली. "दोन वर्षांत एखादी चूक व्हायचीच."

सगळ्यांनी साळिंदराकडे मायेने पाहिले. साळिंदराने पिल्लाकडे पाहिले. पिल्लाला सगळे ठाऊक होते. 'ओळखलं' हा शब्द त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. त्याने क्षणभर साळिंदराकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि म्हणाले, "हो. थंडीने माझाच आवाज तसा झाला असेल."

मुलांनो, साळिंदराच्या अंगावर शेकडो काटे होते. पण त्या वाक्यापुढे त्यांतला एकही त्याच्या उपयोगी पडला नाही. पिल्लाने रागावून सगळे सांगून टाकले असते तर त्याला सोसले असते. त्या दुपारी तो मुळ्या उकरायला गेला नाही. तो गळालेला काटा समोर ठेवून बसून राहिला.

संध्याकाळी टिटवीची पहिली हाक होण्याआधी त्याने सगळ्यांना बिळासमोर बोलावले.

"मला कोल्हा वाटला नव्हता," तो म्हणाला. "मी पिल्लाला ओळखलं होतं. तसं त्याला सांगितलंही होतं. दुपारी मोठं बोलून बसलो होतो, ते खोटं पडू नये म्हणून मी दार उघडलं नाही. मग घूसबाईंसाठी उघडलं. खरा कोल्हा आलाय हे कळलं, तरी कोणाला उठवलं नाही, कारण मग हे सगळं सांगावं लागलं असतं."

खवले मांजर उगाच जमीन उकरू लागले. शेवटी सशीण म्हणाली, "मला नुसती हाक मारायची होतीत, आजोबा." ती एवढेच म्हणाली.

"दार दुसऱ्या कोणाला तरी द्या," साळिंदर म्हणाला.

कासवआजीने मान कवचातून सावकाश बाहेर काढली. "काटे तुम्हालाच आहेत," ती म्हणाली. "बसायचं तुम्हीच. पण आजपासून शेवटचं पिल्लू आत येईपर्यंत तोंड बाहेर करून बसायचं. मग वळायचं."

"तोंडाला काटे नसतात, आजी. तेवढ्यात कोल्हा आला तर?"

"तर तुम्हाला लागेल," कासवआजी म्हणाली आणि मान पुन्हा आत घेतली.

त्या दिवसापासून तसेच सुरू झाले. नियम तोच राहिला: तीन हाका, तिसऱ्या हाकेला आत. फाटक्या कानाचे पिल्लू आता पहिल्या हाकेआधीच येऊन बसत असे. ते साळिंदराला रोज वाट देई, त्याच्याशी नीट बोले, पण 'दारआजोबा' म्हणेनासे झाले होते. साळिंदराने त्याबद्दल काही विचारले नाही.

एक महिना गेला. एका संध्याकाळी तिसरी हाक होऊन गेली आणि दुसऱ्या घरातले एक पिल्लू अजून बाहेरच होते. साळिंदर तोंड बाहेर करून अंधारात पाहत बसला. थोड्या वेळाने ते पिल्लू चिखलाने माखून धापा टाकत आले आणि लांबच थांबले.

"आजोबा, मी बेडूक बघत होतो..."

"आधी आत ये," साळिंदर म्हणाला. तो सरकला, पिल्लू आत गेले, तो वळला, त्याने काटे फुलवले आणि मग जो काही रागावला! बेडूक, चिखल, आईबाप, कोल्हा, सगळे काढले. पिल्लाचे कान खाली पडले. शेवटी ते मुसमुसत आईपाशी गेले.

फाटक्या कानाचे पिल्लू बाजूला बसून हे पाहत होते. सगळीकडे शांत झाल्यावर ते हळूच जवळ आले.

"त्याला आत का घेतलंत? तिसरी हाक झाली होती."

"झाली होती."

"मग?"

साळिंदराने त्याच्या फाटक्या कानाकडे पाहिले. मग म्हणाला, "तुलाही घ्यायला हवं होतं."

त्या रात्री पिल्लू आत, पोरांच्या ढिगाऱ्यात, झोपायला गेले नाही. दाराजवळच, साळिंदराच्या पुढच्या पायांशी, फाटका कान वर करून झोपी गेले.

तात्पर्य : लेकरे घरी यावीत म्हणून नियम करावेत आणि पाळावेतही, पण उशिरा आलेल्या लेकराला आधी आत घ्यावे. रागवायचे ते दार लावल्यावर रागवावे.