घाबरट टिटवी

माणसं तळ्यावर यायच्या कितीतरी आधी तिथं एक टिटवी राहायची. पान हललं तरी ती ओरडे आणि पाणी प्यायला आलेली हरणं तहानलेलीच पळत.

एकदा एक हरिणी वैतागलीच. "अगं बाई, वाघ परवडला, पण तू नको! माझं पाडस पाण्यावाचून सुकलं."

टिटवीला उलट बोलावंसं वाटलं. पण सारखं दचकून ती इतकी थकली होती, की भांडायलाही त्राण नव्हतं. आता ओरडायचंच नाही, असंही मनात आलं; पण वाघ आला तर कोण सांगणार? मग तिचं लक्ष पाडसाच्या कोरड्या ओठांकडे गेलं.

"खरंय ताई," ती म्हणाली. "माझं घाबरणं काही थांबायचं नाही. पण नुसती दचकले तर एकदाच ओरडेन, तुम्ही पीत राहा. वाघ दिसला, तर ओरडतच राहीन."

दुसऱ्या दिवशी ती अधूनमधून एकेकदा ओरडली. हरणं बिचकत का होईना, पीत राहिली. संध्याकाळी मात्र तिचं ओरडणं थांबेना, तेव्हा सगळी उधळली. मागे वाघाची झेप पाण्यातच पडली.

टेकडीवर पाडसाला चाटताना हरिणीने वर घिरट्या घालणाऱ्या टिटवीकडे पाहिलं.

"उद्या कुठं बसणार आहेस गं? आम्ही तिथंच पाणी प्यायला येऊ."