चिमाक्काची आंबील नदीपार गेली ती गोष्ट

फार वर्षांपूर्वी, तांबरी नदीवर अजून पूल झाला नव्हता तेव्हा, अलीकडच्या काठावर हेरवट आणि पलीकडच्या काठावर बोरजे अशी दोन गावं होती. आजही आहेत. या हेरवटात चिमाक्का नावाची बाई राहायची. तिच्या दोन गोष्टी पंचक्रोशीला ठाऊक होत्या. एक तिचा आवाज आणि दुसरी तिची आंबील.

आवाज असा, की तिनं अंगणातून म्हशीला हाक मारली तर तीन शेतांपलीकडचे बैलसुद्धा मान वर करायचे. नवरा रामोजी अगदी कमी बोलायचा. बोलायला त्याला जागाच कुठे होती?

आणि आंबील! नाचणीचं पीठ पाण्यात कालवायचं, त्यात कालच्या आंबलेल्या पिठातलं ओंजळभर घालायचं, म्हणजे मुरवण, आणि रांजणाचं तोंड फडक्यानं बांधून चुलीच्या उबेला ठेवून द्यायचं. सकाळी ते पीठ फुगून, बुडबुडे सोडत वर आलेलं असायचं. मग ते शिजवून त्यात मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. चिमाक्का रांजणाला कान लावून बसायची आणि बुडबुड्यांच्या आवाजावरून आंबील झाली की नाही ते ओळखायची. असं म्हणतात, की ती आंबिलीशी बोलायची आणि आंबील तिला उत्तर द्यायची.

तिच्या स्वयंपाकघरात फळीवर कुड्याची साल, मुरुडशेंगा, सुंठ, वावडिंग असं सगळं गाडग्यांतून भरलेलं असायचं. कुणाचं पोट दुखलं, कुणाचं मूल जंतानं रडलं, की माणसं तिच्या दारात. ती उगाळून चाटण द्यायची आणि वर वाटीभर आंबील. वाटी रिकामी झाल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही.

चिमाक्काला एकच लेक होती, रंगू. तिचं लग्न बोरज्याच्या शिदाप्पाच्या मुलाशी ठरलं. वैशाखात, भर उन्हात वऱ्हाड नदी उतरून हेरवटात आलं. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि पहिल्यांदा सगळ्यांना गार आंबील वाढली. नवऱ्या मुलाचा बाप शिदाप्पा जरा ऐटीतला गडी होता. त्यानं एक घोट घेतला, मिश्या पुसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यात माशी पडली तर तीबी तोंड वाकडं करील."

वऱ्हाड हसलं. हेरवटचे पाटील ताडकन उठले. "आमची आंबील आंबट? आन् तुमच्या कढीत म्हस पोहून जाती, ती?"

झालं! पागोटी उडाली, पत्रावळी उडाल्या. रंगू सासरी गेली खरी, पण मागे दोन्ही गावांच्या पंचांनी बंदी घातली. जाणं नाही, येणं नाही, सोयरीक नाही. होडी काठावर ओढून पालथी घातली. बोरजेकरांनी तर शपथच घेतली की गावात पुन्हा आंबील शिजणार नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आपापली जुनी मुरवणं उकिरड्यावर ओतली. काही जणी ओतताना रडल्या म्हणे.

माहेर नदीपलीकडे दिसायचं, पण रंगूला जाता येईना. मग एका संध्याकाळी चिमाक्का काठावर आली आणि तिनं हाक मारली, "रंगेऽऽ! जेवलीस का गंऽऽ?"

पलीकडून तस्साच आवाज आला. लेक आईवरच गेली होती. "जेवले गं आयेऽऽ!"

पाटील धावत आले. "चिमाक्का, बंदी हाय न्हवं!"

"जायची-यायची बंदी हाय," चिमाक्का म्हणाली, "वरडायची कुटं हाय?"

पाटील पागोटं सावरत माघारी गेले. तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी मायलेकी नदीवरून बोलू लागल्या. दोन्ही काठांवरच्या बायका भांडी घासायच्या निमित्तानं ऐकत बसायच्या. कुणाची म्हैस व्यायली, कुणाचं लोणचं बिघडलं, सगळं दोन्ही गावांना कळू लागलं. पुढे रंगूला मुलगी झाली. रंगूनं तिला काठावर आणून उंच धरली. चिमाक्काला एवढंसं गाठोडं दिसलं. त्या गाठोड्यानंही असा काही टाहो फोडला, की चिमाक्का डोळे पुसत म्हणाली, "आपलीच हाय!"

मग एका श्रावणात तांबरीला मोठा पूर आला. बोरज्याच्या विहिरीत नदीचं गढूळ पाणी शिरलं आणि गावाची पोटं बिघडली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी आडवी झाली. रंगू काठावर आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आयेऽऽ, पोरीच्या पोटात काय ठरंना गंऽऽ!"

चिमाक्कानं ओरडून सांगितलं. पाणी उकळून प्या. कुड्याची साल उगाळून द्या. मुरुडशेंग द्या. बोरज्यातल्या बायकांनी तसं केलं. जुलाब आवरले, पण माणसं वाळक्या पानासारखी झाली होती. आता पोटाला हलकं, आंबवलेलं काही हवं होतं. ताक म्हणावं, तर म्हशी पुराच्या भीतीनं डोंगरावर हलवलेल्या. आणि आंबिलीचं मुरवण तर गावात एकाही घरी उरलं नव्हतं.

उपाय ओरडून सांगता येतो. मुरवण ओरडून कसं पाठवणार?

चिमाक्का घरी आली. रामोजीला म्हणाली, "रांजण उचला."

रामोजी गडी बोलवायला गेला. रांजण अर्धा भरलेला होता. चार गड्यांनी तो काठावर नेला. होडी तर कधीच वाळून तडकली होती. पाटील वाटेत आडवे उभे राहिले.

"चिमाक्का, बंदी मोडतीयास तू."

"बंदी मानसांना हाय, पाटील. आंबील पलीकडं चाललीया. मी निस्ती तिला सोडायला चालले."

असं म्हणून तिनं रांजण पाण्यात ढकलला, त्याच्या रुंद तोंडावर मांड घातली आणि ढवळायचा मोठा लाकडी डाव वल्ह्यासारखा हातात घेतला. तेव्हा रामोजी त्या दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य बोलला. "नातीला माझाबी मुका घे."

नदी उसळत होती, गोल गोल फिरत होती, झाडं मुळासकट वाहून नेत होती. मध्यावर रांजण भोवऱ्यात सापडून भिरभिरू लागला. काठावरच्या बायकांनी डोळे मिटले. चिमाक्कानं मात्र जरा सरकून रांजणातून डावभर आंबील काढली आणि नदीत ओतली.

"घे बाई," ती म्हणाली, "तुजंबी पोट बिगडलंय."

असं म्हणतात, की नदीनं ती आंबील चाखून पाहिली. मग एक मोठा ढेकर दिला, तो दोन्ही गावांनी ऐकला. आणि तिच्या पोटातली सगळी खळबळ शांत झाली. पाणी तळ्यासारखं निवांत झालं आणि रांजण डुलत डुलत बोरज्याच्या काठाला लागला.

रंगूच्या चुलीवर चिमाक्कानं आंबील चढवली. आधी नातीला चमच्यानं पाजली. दोन चमचे ओठांवरून ओघळले, तिसरा गेला, आणि पोटात राहिला. थोड्या वेळानं पोर रडली. त्या टाह्यानं घरातली धुरकट कौलं हलली, आणि रंगू लग्नानंतर पहिल्यांदा आईच्या गळ्यात पडली.

मग सारं गाव वाट्या घेऊन आलं. असं म्हणतात, की अर्ध्या रांजणातून अख्खं बोरजे जेवलं, आणि रांजण अर्धाच राहिला.

शेवटी राहिला शिदाप्पा. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. गाल आत गेले होते, पण मिश्या अजून ताठ होत्या. चिमाक्कानं वाटी पुढे केली.

"घ्या, व्याही."

शिदाप्पानं घोट घेतला. दाराशी सगळं घर गोळा झालेलं.

"आंबट हाय," शिदाप्पा म्हणाला.

"व्हय," चिमाक्का म्हणाली.

त्यानं वाटी रिकामी केली. "विहीणबाई, आणखी एक वाटी घाला."

चार वाट्या प्यायला तो. पूर ओसरल्यावर त्यानंच गावाकडून नवी होडी बांधून घेतली आणि ताशे वाजवत चिमाक्काला हेरवटात पोचवायला आला. रंगू आणि नात सोबत होत्याच. काठावर पाटील उभे होते. त्यांनी आधी विचारलं, "मानसं बरी हायत का?"

"हायत," चिमाक्का म्हणाली.

"आन् शिदाप्पा काय म्हनला?"

"आंबट हाय म्हनला."

पाटलांनी शिदाप्पाकडे पाहिलं. शिदाप्पानं पाटलांकडे पाहिलं. मग पाटील हळूच म्हणाले, "हाय की वो थोडी आंबट." आणि दोघं असे हसले, की ताशेवालेही वाजवायचे थांबले. बंदी त्याच काठावर बुडाली.

चिमाक्का पुढे पुष्कळ जगली. ती गेली तेव्हा तिच्या रांजणातलं मुरवण कुणी ठेवायचं यावरून वाद झाला नाही, कारण तोवर ते दोन्ही गावांच्या घराघरांत पोचलं होतं.

आता नदीवर पूल आहे, एसटी जाते. तरी श्रावणात एक दिवस असा असतो, की हेरवटच्या बायका आपलं मुरवण बोरज्याला नेतात आणि बोरज्याच्या हेरवटला. आपल्या घरचं आपल्या घरी ठेवायचं नाही. बसमध्ये मांडीमांडीवर स्टीलचे डबे असतात. रस्ता खडबडीत, पीठ जागं, तेव्हा एखाद्या डब्याचं झाकण फट्कन उडतं आणि बाजूच्याच्या सदऱ्यावर सडा पडतो. नवीन कंडक्टर असला तर वैतागतो. पण गावातलं माणूस त्या दिवशी रागावत नाही. ते सदरा झटकतं, हसतं आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतं, "चिमाक्का आलीऽऽ!"

मग साऱ्या बसनं ओरडायचं असतं.